हांगाच!

साठी ओलांडलेली, गोव्यातल्या कोरगावची एक शेतकरीण टेबलावर पाय लांब करून पडली आहे. गुडघ्याखाली उशी. पावसाळ्यातलं सरद आणि हिवाळ्यातलं वायंगण, भाताच्या दोन्ही पिकांची लावणी याच पायांवर झाली. आता आदोळीवर बसून नारळ खवणायलाही ते दुमडत नाहीत. सांधा बदलायचं नाव काढलं की ती एवढंच म्हणते, "ऑपरेशन नाका म्हाका."

डॉक्टर कापणार नाहीत, भाजणार आहेत. गुडघ्याचं दुखणं वर मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा हाडाला लगटून जातात. त्यांतल्या तीन आज गाठायच्या: वरच्या दोन आणि आतल्या अंगाची खालची. बाहेरच्या अंगाची खालची मुद्दाम सोडतात, कारण तिच्याजवळून पाऊल उचलणारी नस जाते. तिला धग लागली तर पाऊल लुळं पडायचं.

आधी एकदा याच जागी भुलीचं औषध टोचून पाहिलं होतं. काही तास ती न लंगडता चालली, म्हणून आजचा दिवस.

कातडी बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुया हाडाला टेकवल्या जातात. मग अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून डॉक्टर विचारतात, "काकी, खंय दुखता?" डोळे मिटून पडलेली बाई डोळे उघडते. "हांगाच! व्हय, हांगाच!" इतकी वर्षं घरच्यांना हात लावून दाखवलेली जागा अखेर कुणाला तरी नेमकी सापडली होती. पुढचं काहीही पाहताना तो आवाज कानातून जात नाही.

८० अंश, ९० सेकंद. भाजणाऱ्या प्रवाहामुळे सुईच्या टोकाभोवतीच्या पेशींतले कण थरथरतात आणि त्या घर्षणानेच तिथला भाग तापतो. ९० सेकंद, तीन वेळा. तेवढ्यात शेतात तरव्याची एखादी मूठ लावून झाली असती.

२०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी अवघ्या ३८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली आणि या उपचाराकडे जगाचं लक्ष वळलं. मात्र झिजलेली कूर्चा यानं भरून येत नाही. नस पुन्हा वाढते, दुखणं परतू शकतं. काहींना तर आराम पडतच नाही. तरीही सांधा बदलायला तयार नसलेल्या बाईला हे मधले महिने मिळायलाच हवेत.

"सहा महिने तरी बरं वाटावं, कुणाला वर्षभरही," डॉक्टर सांगतात, आणि मांडीचे व्यायाम दाखवतात.

ती बोटांवर मोजत असते: कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र.

"म्हणजे वायंगण जायत?"