मंडईच्या रात्री सोंगाच्या पेटीत काय असावे?

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार आणि पाहुणेरावळे, रात्री दंडार, खडी गंमत, तमाशा, नाही तर वडसा (देसाईगंज) येथून आलेल्या कंपनीचे नाटक. पुढे शंकरपट लागतात. हे पट मध्यंतरी न्यायालयाच्या बंदीमुळे थांबले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि पटासोबतची नाटकेही पुन्हा जोरात आली. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या पानटपरीवर झालेली चर्चा मी स्वतः ऐकली आहे. एकूण काय, आपल्याकडे नाटक हा केवळ बघण्याचा नव्हे, तर करण्याचाही विषय आहे. शेतकरी, शिक्षक, टेलर, शाळकरी पोरे, सगळेच कधी ना कधी तोंडाला रंग लावतात.

या हंगामात सकाळी दवाखाना उघडला की बाकावर काही ठराविक मंडळी बसलेली दिसतात. कुणाचे गाल लाल होऊन सुजलेले, कुणाचा घसा बसलेला, कुणाच्या पायात गोळे आलेले, कुणी रंगपटात भोवळ येऊन पडलेले. अशा मंडळींना मी एक प्रश्न नेहमी विचारतो : सोबत काय काय नेले होते? उत्तर ठरलेले असते. मुकुट, तलवार, मिशा, टोप, चाळ, रंगाची डबी. सोंगाला लागणारी एकही वस्तू सुटलेली नसते. पण सोंगाच्या आत जो माणूस आहे, त्याच्यासाठी साधी पाण्याची बाटलीसुद्धा नसते. आजचा लेख त्या माणसासाठी.

पाण्यापासूनच सुरुवात करू. मखमलीचा अंगरखा, कमरेला घट्ट शेला, डोक्यावर टोप आणि समोर दिव्यांचा झोत. अशा अवस्थेत तास-दोन तास नाचणाऱ्या माणसाचे अंग बाहेर थंडी असली तरी घामाने निथळते. थंडीमुळे तहान मात्र लागत नाही. त्यात पोशाख सोडून लघवीला जाणे कटकटीचे, म्हणून पुष्कळ जण मुद्दाम पाणी पीत नाहीत. कंपनीत काम करणाऱ्या बायांची तर आणखीच अडचण, कारण गावात रंगपटाजवळ सोय नसते. मग सकाळी लघवीला जळजळ, डोके जड, पायात गोळे. प्रत्येकाने आपली स्वतःची एक लिटरची बाटली न्यावी आणि प्रवेश संपला की चार घोट प्यावे. फार घाम येणाऱ्याने ओ.आर.एस.ची पुडी बाळगावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. चहा हा पाण्याला पर्याय नाही, हे आमच्या नटमंडळींना पटवणे अवघड आहे, पण सांगणे माझे काम. आणि मंडईच्या आयोजकांना एक विनंती : मंडपाला जेवढा खर्च करता, त्यातला थोडा बायांसाठी आडोशाच्या संडास-मुतारीवर करा.

दुसरी गोष्ट थंडी. पौष-माघात आपल्याकडे उत्तररात्री पारा बराच खाली येतो, आणि नाटक तर पहाटेपर्यंत चालते. नट घामाने ओला होतो, अंगरखा उतरवतो आणि उघड्या अंगाने बाहेर वाऱ्यावर येऊन बिडी पेटवतो. कोरडा सुती बनियन, टॉवेल, स्वेटर आणि कानटोपी हे पेटीत सगळ्यात वर असावे. घामेजला बनियन आधी बदलायचा, मग बाहेर पडायचे. थोडी मोहाची घेतली की थंडी वाजत नाही, असे काही जण सांगतात. वाजत नाही हे खरे; पण दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, अंगातली ऊब बाहेर जाते आणि माणूस आतून गार पडतो. ऊब वाटते आणि नसते, हाच त्यातला धोका.

आता मी थोडा थांबून सिकलसेलबद्दल लिहितो, कारण हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः त्यासाठीच. पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि आपला जिल्हा त्याला अपवाद नाही. यात रक्तातल्या तांबड्या पेशी, ज्या एरवी गोल आणि मऊ असतात, त्या विळ्याच्या आकाराच्या आणि ताठ होतात. अंगातले पाणी कमी झाले, अंग गारठले, फार दमछाक झाली, जागरण झाले किंवा ताप आला की हे विळे वाढतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि हाडे, पोट, छाती असह्य दुखू लागते. आता जरा मंडईची रात्र आठवून पाहा. पाणी नाही, थंडी आहे, नाचणे आहे, जागरण आहे. दुखणे उठवणारी सगळी कारणे एका रात्रीत, एका जागी हजर.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या दंडारीत चौदा वर्षांचा पोरगा कृष्ण झाला होता. कृष्ण म्हणून अंगावर पितांबर आणि खांद्यावर नुसते उपरणे. रात्री दोनपर्यंत तो तसाच होता. पहाटे हातपाय दुखू लागले, घरच्यांना वाटले नाचून दुखत असतील, म्हणून तेल चोळले. दुपारी माझ्याकडे आणला तेव्हा तो धापा टाकत होता आणि छाती धरून बसला होता. त्याला सलाइन लावून लगेच पुढे पाठवले; आठ-दहा दिवसांनी तो घरी आला. त्याला सिकलसेल आहे हे घरी ठाऊक होते, गोळ्याही चालू होत्या. पण मंडईला निघताना त्या गोळ्या खुंटीवरच्या पिशवीत राहिल्या आणि दंडारीच्या मास्तरला कुणी काही सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी त्याच पोराने आत अंगाच्या रंगाचा जाड बनियन घालून, अकरा वाजता काम आटोपून, पुन्हा कृष्ण केला. सिकलसेलच्या मुलाला सोंग घेऊ देऊ नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याचा प्रवेश आधी ठेवा, अंग झाका, पाणी पाजत राहा आणि झोपायला जागा द्या.

अशा रुग्णाच्या पेटीत त्याच्या रोजच्या गोळ्या, म्हणजे फॉलिक अॅसिड आणि चालू असेल तर हायड्रॉक्सियुरिया, डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी, भरपूर पाणी, घोंगडी आणि सिकलसेलचे कार्ड एवढे हवेच. दुखू लागले तर बर्फ लावू नये. शेक आणि पाणी द्यावे. ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी पांढरे पडणे किंवा एक हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर गावठी उपाय नकोत, १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे आणि रक्ताची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी करून घ्यावी. नुसता वाहक असलेल्या माणसाला सहसा त्रास होत नाही. त्याने उगीच घाबरू नये.

रंगाकडे वळतो. पूर्वी तोंड रंगवायला जे मिळेल ते वापरत. सफेदा या एकाच नावाने बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जात : एक जस्ताचा, तो बराच निरुपद्रवी, दुसरा शिशाचा, तो विष. मुरदाडशिंग म्हणजेही शिसेच. खरा शेंदूर शिशाचा आणि पिवळी हरताळ सोमलाची. देवाच्या मूर्तीला जे चालते ते माणसाच्या गालाला चालेलच असे नाही. मूर्तीला यकृत आणि मूत्रपिंड नसते. आता तयार रंगाच्या नळ्या आणि कांड्या मिळतात, त्या घ्याव्यात. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोराला गांधीजींचा पुतळा करण्यासाठी फाटकाला लावायचा चंदेरी ऑइलपेंट फासलेला मी पाहिला आहे, आणि तो काढायला वापरलेले रॉकेलही. दोन्ही कृपा करून करू नका. नवा रंग असेल तर दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाएवढा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही. केस काळे करायच्या कलपाने मिशा कोरू नयेत. त्यातल्या रसायनाने ओठ फुटबॉलसारखे सुजतात.

मिशा चिकटवायला स्पिरिट गमच वापरावा. चपला-प्लास्टिक चिकटवायचा झटपट डिंक लावलेला एक हवालदार, म्हणजे नाटकातला हवालदार, माझ्याकडे रात्री अडीचला आला होता, मिशीसकट. मिशी निघाली, पण सोबत थोडी कातडीही गेली. स्पिरिट पेट घेते, हेही लक्षात असू द्या. डिंक लावताना आणि काढताना बिडी दूर. रंग उतरवायला खोबरेल तेल, जुना मऊ कपडा आणि शेवटी साबण-पाणी पुरते. म्हणून तेलाची बाटली आणि दोन फडकी पेटीत हवीत.

काजळाची डबी, लालीची कांडी आणि दाढीचे पाते ज्याचे त्याने आणावे. एकच काजळ दहा डोळ्यांत फिरले की दहाही डोळे येतात. पात्याचे तर विचारूच नका, त्यातून कावीळ ब पसरते. भाड्याच्या ड्रेपरीतून मिळते ते गजकर्ण. कालच्या गावी दुसऱ्याच्या घामात भिजलेला अंगरखा आज आपल्या अंगावर येतो. आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन आणि पायजमा घालावा, आणि सकाळी अंघोळ करून अंग कोरडे करावे. टोपाखाली सुती रुमाल बांधावा. पत्र्याच्या मुकुटाला आतून कापडाची पट्टी शिवून घ्यावी.

पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आपली पोरे हल्ली कॉमिक कॉन नावाच्या मेळ्यांना जातात आणि परदेशी चित्रकथांमधली सोंगे घेतात. गेल्या वर्षी माझ्या एका पेशंटच्या मुलीने मला फोन करून विचारले, ''काका, दिवसभर फोमचं चिलखत घालायचंय, काय नेऊ?'' मी तिला हीच यादी सांगितली. फोम म्हणजे आपल्या मखमलीचा थोरला भाऊ, त्यातून वारा अजिबात जात नाही. तिथे एक भर मात्र घातली : डोळ्यांत घालायच्या रंगीत लेन्स. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मापाने घ्याव्यात, मैत्रिणीच्या घालू नयेत, नळाच्या पाण्याने धुऊ नयेत आणि डोळा लाल झाला की त्याच क्षणी काढाव्यात. बुबुळाला जखम झाली तर नजर जाऊ शकते.

रोजची औषधे असणाऱ्यांनी ती पेटीत नव्हे, अंगावरच्या खिशात ठेवावीत. दम्याचा पंप विंगेत कुणाच्या तरी हातात असावा. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवून रंगमंचावर जाऊ नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मंडईतले खाणे खुशाल खा; फक्त गरम असेल ते आणि झाकलेले असेल ते.

एक टॉर्च. तणसावर किंवा उघड्या जमिनीवर आडवे होण्याआधी जागा उजेडात पाहून घ्या. मण्यार रात्रीच निघतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. आणि नाटक संपल्याबरोबर मोटारसायकल काढू नका. पहाटेचे धुके, डोळ्यांवर झोप आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचे ट्रक. एक चादर जास्त न्या आणि उजाडेपर्यंत त्याच गावी झोपा.

शेवटी एक कागद. त्यावर नाव, गाव, वय, कुठला आजार, कुठल्या गोळ्या, कशाची अॅलर्जी आणि घरचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. त्याची एक प्रत प्रॉम्प्टरला द्या. तोंडाला रंग आणि डोक्याला टोप असलेला माणूस भोवळ येऊन पडला, तर तो कोण हे शेजारच्या गावच्या लोकांना ओळखू येत नाही. प्रॉम्प्टर मात्र रात्रभर एका जागी बसलेला असतो, आणि सगळ्यांची नावे त्याच्याजवळ असतात.

ड्रेपरीतून येणाऱ्या गजकर्णाचा वर उल्लेख केला. त्यावर औषधाच्या दुकानातून मागून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे लावून लोक तो कसा वाढवून घेतात, याविषयी पुढील आठवड्यात.