चौथऱ्यावरचे लँकास्टर

कॅनडातील ओंटारियो प्रांतात ह्यूरन सरोवराच्या काठी गॉडरिच नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १९६४ पासून तेथे एक प्रचंड विमान चौथऱ्यावर बसविलेले होते. माजी सैनिकांच्या संस्थेने ते युद्धाचे स्मारक म्हणून ठेविले होते. उन्हाळ्यातील ऊन आणि हिवाळ्यातील बर्फ अंगावर झेलीत ते वर्षानुवर्षे उभे होते. ते पुन्हा कधी उडेल, असे फारच थोड्यांना वाटले असेल.

हे विमान लँकास्टर जातीचे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व कॅनडा येथे अशी ७,३७७ विमाने बांधली गेली. त्यांपैकी ४३० कॅनडातील माल्टन येथील कारखान्यात तयार झाली. लँकास्टरच्या पंखांची रुंदी १०२ फूट. त्यास चार मर्लिन इंजिने असत आणि एकेका इंजिनात बारा सिलिंडर. विमानात सात जण बसत. गॉडरिचचे विमान १९४५ च्या जुलैत तयार झाले, तोवर युरोपातील युद्ध संपले होते. म्हणून त्याने बाँब टाकले नाहीत. समुद्रावर गस्त घालणे आणि संकटात सापडलेल्यांचा शोध घेणे, हेच काम त्याने १९६३ पर्यंत केले.

हॅमिल्टन शहराजवळ १९७२ साली डेनिस ब्रॅडली, ॲलन नेस आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या युद्धविमानांचे एक संग्रहालय सुरू केले. विमाने काचेआड ठेवण्यासाठी नसून उडण्यासाठी आहेत, असा त्यांचा आग्रह होता. या संग्रहालयाने १९७७ साली गॉडरिचचे लँकास्टर मिळविले. पण ते आणावे कसे? अखेर १९७९ साली, शक्य तेवढे भाग उतरवून, त्याचा सांगाडा सैन्याच्या चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगण्यात आला आणि सुमारे दीडशे किलोमीटर दूर हॅमिल्टनला नेण्यात आला.

खरे काम तेथून पुढे सुरू झाले. ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे होऊन गंजत नाही. त्यावर पांढरी भुकटी चढते आणि पत्रा आतून पोखरला जातो. ही कीड वरून दिसत नाही. म्हणून पत्रे काढून, रिव्हेट तपासून, सांगाड्याची प्रत्येक पट्टी पाहावी लागते. चाके आत ओढणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा, विजेच्या तारा, इंधनाच्या टाक्या, शेपटीपर्यंत गेलेल्या नियंत्रणाच्या दोऱ्या, सारे नव्याने बसवावे लागते. लागणारे भाग बाजारात मिळत नाहीत. ते मोडीत निघालेल्या विमानांतून शोधावे लागतात किंवा जुने नकाशे समोर ठेवून हाताने घडवावे लागतात. हे काम करणाऱ्यांत कित्येक स्वयंसेवक होते. नऊ वर्षांच्या खटाटोपानंतर १९८८ च्या सप्टेंबरात लँकास्टरने पुन्हा आकाशात झेप घेतली.

या विमानावर व्ही. आर. – ए ही अक्षरे रंगविलेली आहेत. ती अँड्र्यू मायनार्स्की याच्या विमानाची अक्षरे होत. १९४४ च्या १२-१३ जूनच्या रात्री फ्रान्समधील कांब्रे शहराच्या मोहिमेत शत्रूच्या विमानाने त्याच्या लँकास्टरला आग लावली. सर्वांना उड्या टाकण्याचा हुकूम झाला. परंतु शेपटीतील मशीनगनच्या काचघरात पॅट ब्रॉफी अडकून पडला होता. जळत्या तेलातून सरपटत मायनार्स्की त्याच्याकडे गेला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी त्याने ते घर उघडण्याचा प्रयत्न केला. ब्रॉफीने त्यास परत जाण्याची खूण केली. तेव्हा पेटलेल्या कपड्यांनिशी मायनार्स्कीने ताठ उभे राहून सलाम केला आणि उडी टाकली. तो भाजून मरण पावला. विमान कोसळले, आणि आश्चर्य असे की ब्रॉफी वाचला! त्यानेच पुढे ही हकीकत सांगितली. १९४६ साली मायनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

जुनी विमाने उडवावीत की जपून ठेवावीत, हा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो पोकळही नाही. संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी ॲलन नेस हे १९७७ साली टोरांटोच्या विमानप्रदर्शनात फायरफ्लाय हे विमान चालवीत असता अपघातात मृत्यू पावले. धोका केवळ आकाशातच नसतो. १९९३ च्या फेब्रुवारीत विमानघरास आग लागून पाच विमाने भस्मसात झाली. लँकास्टर सुदैवाने बचावले. उडणारे विमान झिजते, आणि ते पडले तर पुन्हा मिळत नाही. मात्र ज्याने चार मर्लिनांचा घोष छातीत घुमताना ऐकला, त्यास स्तब्ध विमान पाहून समाधान होणे कठीण.

उडण्याजोगी लँकास्टर विमाने जगात दोनच उरली आहेत. दुसरे ब्रिटिश वायुदलाकडे आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाचे लँकास्टर अटलांटिक महासागर ओलांडून ब्रिटनला गेले, आणि ही दोन्ही विमाने अनेक आठवडे जोडीने उडाली. त्या दौऱ्यात पाहुण्या विमानाचे एक इंजिन बिघडले, तेव्हा यजमानांनी आपल्याजवळचे राखीव इंजिन देऊ केले आणि दौरा पुरा झाला.

हिवाळ्यात लँकास्टर उडत नाही. बाहेर बर्फ पडत असता विमानघरात त्याच्या इंजिनांवरील आवरणे उतरवली जातात, आणि हातात दिवा घेऊन कारागीर एकेक जोड पुन्हा तपासू लागतात.