स्मार्टवॉच : आधी गरज ठरवा, मग पैसे मोजा

पूर्वी शेतावरच्या माणसाला वेळ कळायला सूर्य आणि चर्चची घंटा पुरत असे. १९६१ मध्ये बंगलोरला एचएमटीचा घड्याळ कारखाना निघाला आणि हळूहळू मनगटावर घड्याळ आले. रोज चावी दिली की काम भागे. आता आपल्या भोपाळ परिसरातील खेड्यांतही स्मार्टवॉच दिसू लागले आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले की मुले हट्ट धरतात, किंवा शहरात नोकरी करणारा मुलगा आईवडिलांसाठी ते घेऊन येतो. किमती हजार-दोन हजारांपासून कित्येक हजारांपर्यंत. घड्याळ घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ते कशासाठी घ्यायचे हे घरी ठरवावे, दुकानात नव्हे.

प्रथम शेतीच्या कामाचा विचार करू. रब्बीत रात्रीची वीज आली की गव्हाला पाणी द्यायला उठावे लागते. मनगटावर थरथरणारा गजर घरच्यांची झोप न मोडता आपल्याला उठवतो, हा खरा उपयोग आहे. त्यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. साधा पट्टा एका चार्जिंगवर आठवडाभर चालतो. पुष्कळ सोयी असलेली घड्याळे एक-दोन दिवसांतच चार्जिंग मागतात. जेथे विजेचा भरवसा नाही तेथे हा फरक मोठा आहे.

घड्याळ उन्हात दिसते का, हे दुकानाबाहेर येऊन पाहावे. मराठी-हिंदी निरोप नीट उमटतात की नुसते चौकोन दिसतात, हेही तपासावे. आपल्या फोनशी ते जुळते का, हे विचारावे. अॅपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. घड्याळावरून बोलता येते असे सांगतात, पण बहुतेकांत त्यासाठी फोन दहा-पंधरा पावलांच्या आत असावा लागतो. फोन झोपडीत आणि आपण बांधावर, तर घड्याळ मुकेच. पाण्याला टिकते म्हणून साबणाच्या किंवा गरम पाण्यात बुडवू नये. औषध फवारताना तर ते काढूनच ठेवावे, कारण पट्ट्याखाली औषध साचून कातडीला लागून राहते. शेताभोवती फिरून क्षेत्राचा अंदाज घ्यायला काही घड्याळे उपयोगी पडतात; परंतु बांधाचा वाद घड्याळावर सोडवू नये.

आता आरोग्याविषयी. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. त्याचा प्रकाश कातडीखालच्या रक्तावर पडून परत येतो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलेले असताना हा आकडा बहुधा बरा येतो; विळा किंवा कुदळ चालवताना हात हलतो, पट्टा सरकतो आणि आकडा चुकतो. काही महाग घड्याळे नाडीची अनियमितता ओळखतात. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या एका पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये निघाला. हजारात सुमारे पाच जणांनाच घड्याळाने इशारा दिला होता. इशारा मिळाल्यावर ज्यांनी पुढील तपासणी पूर्ण केली, त्यांतील सुमारे एक-तृतीयांश लोकांत त्या तपासणीत तो दोष आढळला. म्हणजे इशारा मिळाला तर डॉक्टरांकडे जावे. मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. हृदयविकाराचा झटका घड्याळ ओळखत नाही. छातीत कळ आली तर मनगटाकडे न पाहता १०८ ला फोन करावा.

सर्वांत मोठा धोका साखरेच्या आकड्याचा. सुई न टोचता साखर मोजतो, असे सांगणारी घड्याळे व अंगठ्या बाजारात आहेत. अशी वस्तू वापरू नये, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या खोट्या आकड्यावर विसंबून इन्शुलिन कमी-जास्त घेतले तर जीवावर बेतू शकते. दंडावर चिकटवलेल्या वैद्यकीय सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणे ही निराळी गोष्ट; तेथे मोजणी सेन्सर करतो. रक्तदाबाचेही तसेच. जी काही चांगली घड्याळे तो दाखवतात, त्यांचाही साधारण चार आठवड्यांनी दंडाला बांधायच्या यंत्राशी ताळा घ्यावा लागतो. मग ते यंत्रच घरात का असू नये?

आपल्या शहरातील गॅसपीडित कुटुंबांना आम्ही विशेष विनंती करतो. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. तो ज्यांच्या छातीत गेला, त्यांपैकी कित्येकांना आजही चार पायऱ्या चढताना धाप लागते. अशा वडीलधाऱ्यांसाठी ऑक्सिजन दाखवणारे घड्याळ आणावेसे वाटते, ही माया आहे. परंतु थंड हात, सैल पट्टा आणि सावळी कातडी यांमुळे तो आकडा चुकू शकतो. बोटाला लावायचे छोटे यंत्रही अगदी बिनचूक नसते, तरी या कामाला ते अधिक भरवशाचे आणि पुष्कळ स्वस्त. हात ऊबदार करून, मेंदी किंवा नखपॉलिश नसलेल्या बोटावर, पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजावे. आपला नेहमीचा आकडा किती असावा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एरवी निरोगी माणसाचा आकडा सारखा ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरांना दाखवावे; ९० च्या खाली गेला तर थांबू नये. आणि आकडा चांगला दिसत असूनही धाप वाढली, ओठ निळसर पडले, तर धाप खरी मानावी, आकडा नव्हे. भोपाळ मेमोरियल, हमीदिया, एम्स ही रुग्णालये आपल्या शहरात आहेत.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. खरेदीला निघण्यापूर्वी आपणही कागदावर तीन ओळी लिहाव्यात : घड्याळ कोण वापरणार, कोणत्या कामासाठी, आणि बिघडले तर दुरुस्ती जवळपास कोठे होणार. पक्के बिल घ्यावे. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रोगी असेल तर पहिले पैसे साखर आणि दाब मोजण्याच्या खऱ्या यंत्रांवर घालावेत. त्यातून उरले तर घड्याळ अवश्य घ्यावे. गजराला आणि चालायची सवय लावायला ते चांगला सोबती ठरेल.