सुई टोचल्यावर ताप का येतो?

"पहिल्या सुईनंतर बाळ रात्रभर तापाने फणफणले, म्हणून पुढची सुई दिलीच नाही." वस्तीत असे बोलणे आपल्या कानांवर नेहमी येते. आईचा जीव घाबरतो, हे खरेच. पण हा ताप कशाचा, ते आपण समजून घेतले पाहिजे.

प्रत्येक जंतूच्या अंगावर त्याची खास खूण असते. तिला प्रतिजन म्हणजे अँटीजेन म्हणतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सतत पहारा देत असतात. परकी खूण दिसली की ती ओळखणाऱ्या पेशी भराभर वाढतात आणि त्या खुणेवर नेमकी बसणारी प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडीज तयार करतात. या लढाईत अंग तापते. पहिल्या वेळी तयारीला आठ-पंधरा दिवस लागतात. पण काही पेशी ती खूण लक्षात ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला की शरीर लगेच सावध होते.

लस हेच काम आजाराशिवाय करते. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या पेंटा लसीतून घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि हिब या पाच रोगांची ओळख होते. तिचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप आठवडाभराने येऊ शकतो. ताप आला नाही, तरी लस लागू पडतेच.

मग दुसरा डोस कशाला? नवव्या महिन्यात गोवराची लस दिलेल्या शंभरांपैकी सुमारे पंधरा बाळांत पुरेसे संरक्षण तयार होत नाही. सोळा ते चोवीस महिन्यांतला डोस ही उणीव भरून काढतो. 2022 च्या अखेरीस गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली. गोवर शरीराची जुनी आठवणही पुसतो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधील मुलांचे रक्त गोवरापूर्वी व नंतर तपासले, तेव्हा त्यांची इतर रोगांवरची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. 2019 साली ही माहिती प्रसिद्ध झाली. म्हणून "गोवर अंगावर निघून गेला, बरे झाले" असे आपण म्हणू नये.

सुईनंतर बाळाला अंगावर पाजत राहा. सुईच्या जागी काही चोळू नका. तापाचे औषध नर्सताई सांगतील तेवढेच द्या. झटके आले, श्वासाला त्रास झाला, बाळ मलूल पडले किंवा ताप उतरेना, तर लगेच दवाखाना गाठा.

आज घरातले लसीकरण कार्ड काढून बघू या. डोस राहिला असेल, तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस पुढे घेता येतो. सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. शेजारच्या घरातले कार्डही आपण विचारू या.