यादीत नाव नसलेला पिचर

जून १९७५ च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये पहिलं नाव पुकारलं गेलं ते डॅनी गुडविनचं. ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. मेजर लीगचे संघ पाळीपाळीनं शाळा-कॉलेजांतली पोरं निवडत जातात आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्यांना आधी संधी मिळते. त्या काळी फेऱ्यांनाही मर्यादा नव्हती. सगळे संघ ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत नावं पुकारली जायची. गुडविन कॅचर होता. १९७१ मध्येही शिकागो व्हाइट सॉक्सनं त्यालाच पहिला उचलला होता, पण तेव्हा तो कॉलेजात गेला. चार वर्षांनी कॅलिफोर्निया एंजल्सनं पुन्हा पहिला म्हणून त्यालाच घेतलं. दोनदा पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो आजवरचा एकमेव खेळाडू. मेजर लीगमध्ये त्याची सरासरी राहिली .२३६ आणि होमरन झाले तेरा.

त्याच जूनमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ला व्हर्न कॉलेजचा बावीस वर्षांचा डॅन क्विझनबेरीही मोकळाच होता. शेकडो नावं पुकारून झाली, तरी त्याचं नाव आलं नाही. शेवटी कॉलेजच्या कोचनं कॅन्सस सिटी रॉयल्सच्या स्काउटकडे शब्द टाकला आणि बुलपेनमधली, म्हणजे राखीव पिचरांतली, एखादी रिकामी जागा भरायला हरकत नाही, इतपत उत्साहानं रॉयल्सनं त्याला सही करून घेतलं. पुढे तो साऱ्या अमेरिकेत ‘क्विझ’ या नावानं ओळखला गेला.

स्काउटांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. पिचरचा वेग, हाताची ताकद, अंगकाठी आणि वय या चार गोष्टी ते बघत. यातल्या एकाही गोष्टीत क्विझ उठून दिसत नव्हता. कॉलेजात त्याच्याकडून इतकी बॉलिंग करून घेतली गेली, की थकलेला हात आपोआप खाली आला आणि तो खांद्याच्या बाजूनं, आडव्या हातानं चेंडू टाकू लागला. वेग ताशी ऐंशी-पंच्याऐंशी मैल. मेजर लीगमध्ये नाव काढायचं तर नव्वदीच्या पुढे जावं लागे. त्याच्याकडे होती ती अचूकता, आणि ती कळायला पाच-दहा मिनिटं पुरत नाहीत. एका दुपारी चार मैदानं फिरणारा स्काउट एवढा वेळ एका पोरापाशी कुठून थांबणार?

पुढची चार वर्षं मायनर लीगमध्ये गेली. आयोवातलं वॉटर्लू, मग फ्लोरिडातलं जॅक्सनविल, मग ओमाहा. लांबलचक बसप्रवास, तुटपुंजा पगार. त्यातही तो रिलीव्हर, म्हणजे सुरुवातीचा पिचर दमला की मागून येणारा. मेजर लीगमध्ये तो पुढे ६७४ सामने खेळला आणि त्यातल्या एकाही सामन्याचा पहिला चेंडू त्यानं टाकला नाही. मायनरमध्ये आकडे चांगले पडत होते, पण ड्राफ्टबाहेरच्या पोराचे चांगले आकडे संघाला पटायला जास्त दिवस लागतात. वरच्या फेरीत घेतलेल्या मुलावर मालकाचा पैसा अडकलेला असतो, म्हणून तो चार वेळा चुकला तरी पाचवी संधी मिळते. क्विझवर कुणाचाच पैसा अडकलेला नव्हता. जुलै १९७९ मध्ये रॉयल्सच्या मुख्य संघात बोलावणं आलं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. मॅनेजर होता व्हाइटी हर्झॉग.

खरी कलाटणी पुढच्या वसंतात, फ्लोरिडातल्या सरावशिबिरात मिळाली. हर्झॉगच्या जागी आलेल्या जिम फ्रेनं पाहिलं, की या पोराचा हात आडवा आहे. तो आणखी खाली नेला तर? पिट्सबर्ग पायरेट्सचा केंट टेकल्व्ही त्या काळचा सर्वांत नावाजलेला ‘सबमरीन’ पिचर होता आणि नुकत्याच झालेल्या १९७९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यानं तीन सामने राखून दिले होते. फ्रेनं त्याला विनंती केली, आमच्या पोराला जरा दाखव. प्रतिस्पर्धी संघाच्या पिचरनं आपली विद्या दुसऱ्याच्या बुलपेनला द्यावी, ही गोष्ट आज कुणाला खरी वाटणार नाही. पण टेकल्व्हीनं दाखवलं. किडकिडीत अंगाचा, चष्मा लावणारा हा माणूसही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेला नव्हता. १९६९ मध्ये पायरेट्सनं त्याला असंच बाहेरून उचललं होतं आणि मेजर लीग गाठायला त्याला सत्ताविसावं वर्ष उजाडलं होतं.

सबमरीन म्हणजे काय, हे मराठी वाचकाला केदार जाधव आठवला की लगेच कळेल. आपल्या पुण्याचा केदार ऑफब्रेक टाकताना इतका वाकायचा, की चेंडू जवळपास अंपायरच्या कमरेच्या उंचीवरून सुटायचा आणि भल्याभल्या फलंदाजांना त्याचा अंदाज येत नसे. क्विझ त्याहून खाली गेला. माउंडवरून पाऊल टाकताना तो कमरेत असा वाके, की पाठ जमिनीला समांतर होई आणि उजव्या हाताची बोटं मातीला घासतील की काय असं वाटे. बेसबॉलमध्ये कोपर वाकवायला बंदी नाही आणि चेंडू टप्पाही घेत नाही. साडेसाठ फुटांवरच्या बॅटरला खालून वर येणारा चेंडू दिसतो, तो बॅट त्या रेषेत आणतो, आणि नेमका तेव्हाच चेंडू खाली बसतो. बॅट लागते ती चेंडूच्या वरच्या अंगाला. फटका हवेत न जाता जमिनीवरून सरपटत इनफिल्डकडे जातो.

या खाली बसणाऱ्या चेंडूवर, म्हणजे सिंकरवर, क्विझनं जन्म काढला. बॅटरला स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू चुकवून बाद, करण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. सबंध कारकिर्दीत १,०४३ इनिंगमध्ये त्याचे स्ट्राइकआउट फक्त ३७९. पण चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकटात बेस देणारे वॉकही अवघे १६२ होते, नऊ इनिंगमागे दीडपेक्षा कमी. मारा, म्हणजे माझे गडी पकडतील, असा सगळा रोखठोक हिशोब.

त्यासाठी पकडणारे गडीही तसेच हवेत. रॉयल्सच्या मैदानावर तेव्हा कृत्रिम गवत होतं. त्यावर सरपटणारा चेंडू दुप्पट जोरात धावल्यासारखा वाटे. खरं गवत चेंडू धरून ठेवतं, म्हणून ते किड्यामुंग्यांच्या आणि सिंकर टाकणाऱ्यांच्या भल्याचं, असं क्विझ गमतीनं म्हणायचा. रॉयल्सकडे त्यावर उतारा होता सेकंड बेसमन फ्रँक व्हाइट. आठ गोल्ड ग्लव्ह मिळवणाऱ्या या व्हाइटची कथा क्विझपेक्षाही अचाट. तो कॅन्सस सिटीतच वाढला, पण त्याच्या शाळेत बेसबॉलचा संघच नव्हता. त्यामुळे ड्राफ्टचा प्रश्नच आला नाही. रॉयल्सचे मालक यूइंग कॉफमन हे औषधनिर्माते उद्योजक. बेसबॉल न खेळलेल्या चपळ पोरांनाही तयार करता येईल, या हट्टानं त्यांनी १९७० मध्ये फ्लोरिडात एक अकादमी काढली. खुल्या चाचणीतून व्हाइट तिथे पोचला. रॉयल्स स्टेडियम बांधलं जात असताना त्याच बांधकामावर तो मजुरीही करत होता. अकादमी खर्चिक म्हणून १९७४ मध्ये बंद पडली, पण व्हाइट उरला.

शिकवणारा, टाकणारा आणि अडवणारा, तिघेही ड्राफ्टच्या चाळणीतून खाली पडलेले. रॉयल्सच्या त्या संघाबद्दल वाचताना मला त्यांचा स्टार बॅटर जॉर्ज ब्रेटच्या बॅटीपेक्षा या तिघांचं अप्रूप जास्त वाटतं.

१९८० मध्ये क्विझनं बारा सामने जिंकले आणि तेहतीस सेव्ह मिळवले. सेव्ह म्हणजे आपल्या संघाची थोडक्या फरकाची आघाडी शेवटपर्यंत टिकवून सामना संपवणं. रॉयल्स पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. फिलाडेल्फिया फिलीजविरुद्धच्या सहाही सामन्यांत क्विझला आणलं गेलं. हे जरा जास्तच झालं. एक सामना त्यानं जिंकला, एक राखला, दोन गमावले. पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये मॅनी ट्रिलोचा सणसणीत फटका त्याच्या ग्लव्हला लागून उडाला आणि निर्णायक धाव गेली. फिलीज जिंकले.

पुढच्या वर्षांत मात्र त्याला तोड नव्हती. १९८२ ते १९८५ सलग चार वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक सेव्ह त्याचेच. १९८३ चे आकडे मी अजूनही अधूनमधून काढून बघतो. पंचेचाळीस सेव्ह, हा तेव्हाचा विक्रम. आधीचा होता जॉन हिलरचा अडतीसचा. ६९ सामने, १३९ इनिंग, आणि एवढ्यात वॉक फक्त अकरा. आजचा क्लोझर एका मोसमात साठ-सत्तर इनिंग टाकतो आणि तरी खांदा दुखतो म्हणून चार दिवस बसतो. क्विझ दोन-दोन, तीन-तीन इनिंग टाकून सामना संपवायचा.

त्याच मोसमातल्या प्रसिद्ध ‘पाइन टार’ सामन्याचा शेवटही त्यानंच केला. २४ जुलैला न्यूयॉर्कमध्ये ब्रेटनं होमरन मारला, पण बॅटीला डांबर नियमापेक्षा जास्त वरपर्यंत फासलंय म्हणून अंपायरनं तो रद्द केला. ब्रेट पिसाळून अंपायरच्या अंगावर धावून गेला. ते दृश्य आजही दाखवलं जातं. पुढे रॉयल्सची तक्रार मान्य झाली आणि उरलेला सामना १८ ऑगस्टला, जवळपास रिकाम्या यँकी स्टेडियममध्ये खेळवला गेला. क्विझ आला, तिन्ही यँकीज ओळीनं बाद केले, आणि मंडळी विमानाला गेली. ब्रेटची बॅट संग्रहालयात आहे. ते तीन बाद कुणी केले, हे फारसं कुणाला आठवत नाही.

सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षं दुसरा आला. १९८५ मध्ये रॉयल्सनं त्याला जमीनजुमल्याच्या गुंतवणुकीशी बांधलेला ‘आजन्म करार’ दिला. त्याच वर्षी ते सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध वर्ल्ड सिरीज जिंकले. सहाव्या सामन्यात अंपायर डॉन डेंकिंगरनं चुकीचा ‘सेफ’ दिला आणि नवव्या इनिंगमध्ये रॉयल्सनं दोन धावा काढल्या. सेंट लुइसमध्ये आजही त्यावरून शिव्या दिल्या जातात. त्या सामन्याचा विजयी पिचर म्हणून नोंद आहे क्विझचीच.

उतरण लवकर लागली. १९८६ च्या जुलैत मॅनेजर डिक हाउजरच्या मेंदूत ट्यूमर निघाला आणि वर्षभरात तो गेला. क्विझचे सेव्ह त्या वर्षी बारावर आले, पुढच्या वर्षी आठवर. नव्या मॅनेजरांना वेगवान हात हवे होते. पंच्याऐंशी मैलांचा पिचर फॉर्मात असतो तोवर चतुर म्हणवला जातो. तो मार खाऊ लागला, की सगळ्यांना पुन्हा वेग आठवतो. ४ जुलै १९८८ ला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, आजन्म करारवाल्या क्विझला रॉयल्सनं मोकळं केलं. हर्झॉगनं त्याला सेंट लुइसला बोलावून घेतलं. दोन मोसम तिथे निघाले, मग सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे मोजके सामने, आणि १९९० मध्ये खांदा संपला.

बोलण्यात तो पहिल्यापासून तल्लख होता. सामना हरल्यावरही वार्ताहर आधी त्याच्याकडे जात, कारण काहीतरी छापण्याजोगं मिळे. निवृत्तीनंतर तो कविता लिहू लागला, आणि खेळाडू लिहितो म्हणून कौतुकानं वाचाव्यात अशा त्या नव्हत्या. हॉटेलच्या खोल्या, बेसबॉल कार्डांवर वर्षागणिक बदलत गेलेला स्वतःचाच चेहरा, संघातून काढल्याचा दिवस, असे विषय. ‘ऑन डेज लाइक धिस’ हा संग्रह १९९८ मध्ये निघाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याच्याही मेंदूत ट्यूमर सापडला होता. त्या वर्षी रॉयल्सनं त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ३० सप्टेंबर १९९८ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

कूपर्सटाउनचा राष्ट्रीय हॉल ऑफ फेम मात्र लांबच राहिला. १९९६ मध्ये पत्रकारांच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव पहिल्यांदा आलं. निवडीला ७५ टक्के मतं लागतात, आणि पाच टक्केही पडली नाहीत तर नाव त्या मतपत्रिकेवरून कायमचं निघतं. त्याला १८ मतं पडली, ३.८ टक्के. त्याच काळातला रिलीव्हर ब्रूस सटर मात्र २००६ मध्ये आत गेला. सटरचे सेव्ह ३००, क्विझचे २४४. दोघांच्या इनिंग जवळपास सारख्या. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा सटरच्या २.८३ आणि क्विझच्या २.७६. सटर बॅटरला हवेत बॅट फिरवायला लावायचा, त्याचा स्प्लिटर बघताना तोंडात बोट जायचं. क्विझचे बॅटर सेकंड बेसकडे सरपटता फटका मारून मान खाली घालून परत जायचे. बघणाऱ्याच्या लक्षात काय राहणार, ते उघड आहे. १९७५ चे स्काउट जे बघू शकले नाहीत, तेच १९९६ च्या मतदारांनाही दिसलं नाही, असं माझं मत.

डिसेंबर २०१३ मध्ये जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीपुढे त्याचं नाव पुन्हा आलं. बारा मतं हवी होती, ती मिळाली नाहीत. त्या बैठकीत बॉबी कॉक्स, जो टॉरी आणि टोनी ला रुसा हे तीन मॅनेजर एकमतानं निवडले गेले. ला रुसा १९७९ ते १९८६ शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर होता. आठव्या इनिंगमध्ये बुलपेनचं दार उघडून क्विझ बाहेर येताना त्यानं किती वेळा पाहिलं असेल, आणि त्यानंतर आपल्या बॅटरांचं काय व्हायचं, हे मत विचारलं असतं तर त्यानं समितीला तोंडपाठ सांगितलं असतं.