आरोग्याची नोंद आणि जाहिरातीचा बाजार

रोज किती पावले चाललो, रात्री किती तास झोप लागली, वजन किती उतरले, याची नोंद ठेवणारी अ‍ॅप्स आता तालुक्याच्या गावीही सर्रास वापरली जातात. त्यांपैकी पुष्कळशी विनामूल्य असतात. नोंद ठेवण्याची सवय चांगलीच आहे. पण विनामूल्य मिळणाऱ्या या सेवेचा खर्च भागतो कसा, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो बऱ्याच अंशी जाहिरातीतून भागतो, आणि जाहिरात नेमक्या माणसापर्यंत पोहोचवावयाची तर त्या माणसाची माहिती हवी असते.

ही माहिती कोणी तरी चोरून नेतो, असा एक समज आहे. वस्तुतः चोरीची गरजच पडत नाही. अ‍ॅप तयार करणारी कंपनी त्याचा प्रत्येक भाग स्वतः लिहीत नाही. किती लोक आले, कोणती जाहिरात पाहून आले, हे मोजण्यासाठी फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांनी तयार करून दिलेले आज्ञावलीचे संच ती आपल्या अ‍ॅपमध्ये जोडून घेते. घर आपण बांधावे आणि विजेचे मीटर मंडळाने बसवावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, हे मीटर युनिटे मोजून थांबत नाही, घरात कोण काय करते तेही बाहेर कळविते. सोबत त्या फोनचा जाहिरात-क्रमांक जातो. नाव जात नाही, म्हणून माहिती निनावी आहे असे सांगितले जाते. परंतु तोच क्रमांक त्या फोनमधील इतर अ‍ॅप्सही पाठवीत असल्यामुळे निरनिराळ्या ठिकाणचे धागे एकाच व्यक्तीशी जुळविणे जाहिरात कंपनीला अवघड नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फ्लो’ या अ‍ॅपचे आहे. मासिक पाळी व गर्भधारणा यांची नोंद ठेवणारे हे अ‍ॅप जगभरात १० कोटींहून अधिक लोकांनी वापरले आहे. पाळीच्या तारखा, गर्भारपण, लक्षणे ही माहिती बाहेर दिली जाणार नाही, असे आश्वासन कंपनीने दिले होते. अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ने जानेवारी २०२१ मध्ये मांडलेल्या तक्रारीनुसार, प्रत्यक्षात २०१६ पासून ती माहिती फेसबुक, गूगल आदी कंपन्यांकडे जात होती. जाण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. बाईने पडद्यावर गर्भारपणाचा आठवडा निवडला की त्या कृतीची खूण बाहेर जाई, आणि त्या खुणेच्या नावातच ‘गर्भारपणाचा आठवडा निवडला’ असा अर्थ असे. वेगळा अहवाल कोणी पाठविला नाही. खुणेला दिलेले नाव हाच अहवाल ठरला. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे उघडकीस आणल्यानंतरच ती देवाणघेवाण थांबली. जून २०२१ च्या अंतिम आदेशाने, आरोग्याची माहिती इतरांस देण्यापूर्वी स्पष्ट संमती घेण्याचे बंधन कंपनीवर आले. कंपनीने चूक मात्र मान्य केली नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात ज्यूरीने याच प्रकरणी फेसबुकची मालक कंपनी मेटा हिलाही जबाबदार धरले.

डॉक्टरला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते, मग अ‍ॅपला सांगितलेली का नाही? अमेरिकेचा १९९६ चा आरोग्यमाहितीविषयक कायदा डॉक्टर, रुग्णालये व विमा कंपन्या यांना लागू आहे. आपण स्वतःच नोंद करतो अशा बहुतेक अ‍ॅप्सना तो लागू नाही. युरोपची रीत वेगळी दिसते. ‘फिटबिट’ ही मनगटी साधने करणारी कंपनी गूगलने घेतली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये मान्यता देताना युरोपीय आयोगाने अट घातली की, तेथील वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे गूगलच्या जाहिरातींसाठी वापरता येणार नाही. आयोगाची ही अट इतर देशांतील वापरकर्त्यांना लागू नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू व्हावीत, असे त्या वेळी ठरले. आरोग्यविषयक माहितीला या अधिनियमात वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही, ही उणीव मानावी लागेल. तथापि दोन तरतुदी गावपातळीवर उपयोगी आहेत. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय कंपनीने द्यावयाची आहे. दुसरी अशी की, १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवणे किंवा त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करणे यांस सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि त्यांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. शाळेने चालण्याची स्पर्धा घेऊन विद्यार्थ्यांना एखादे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगावे, यात शिक्षकांना आक्षेपार्ह काही वाटणार नाही; पण पावले मोजण्यासाठी ते अ‍ॅप जन्मतारीख, ठिकाण व संपर्कयादी मागत असेल, तर ते टाळून वहीत नोंद करणे बरे.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील जाहिरातीविषयक विभागातून जाहिरात-क्रमांक काढून टाकता येतो. आयफोनमध्ये २०२१ पासून प्रत्येक अ‍ॅपला, इतर अ‍ॅप्समधील आपला माग काढण्यापूर्वी परवानगी विचारावी लागते. ती नाकारता येते. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असेही नव्या अधिनियमात म्हटले आहे. कंपनीकडे केलेल्या तक्रारीची दाद लागली नाही, तर भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्याची तरतूद त्यात आहे.