मत्स्यखाद्यांवरील उगमदेश-निर्देश

मासे, कोळंबी, खेकडे, कालवे इ. जलचर खाद्यपदार्थ कोणत्या देशात पकडले वा वाढविले गेले, हे विक्रीच्या वेळी ग्राहकास कळविण्याच्या कायदेशीर बंधनास उगमदेश-निर्देश म्हणतात. ही माहिती वेष्टनावर, दुकानातील फलकावर किंवा उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर द्यावी लागते. माशांच्या बाबतीत या निर्देशाला विशेष महत्त्व आहे. कारण सोललेली कोळंबी किंवा काटे व कातडी काढलेला मासा कोणत्या पाण्यातील आहे, हे अनुभवी कोळ्यासही नुसत्या नजरेने सांगणे कठीण असते आणि तळल्यावर वा रश्शात शिजविल्यावर तर ते जवळजवळ अशक्य होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) या विषयावरील कायद्यांची विशेष वाढ झाली असून तेथे संघराज्याचा कायदा जेथे थांबतो, तेथून घटक राज्यांचे कायदे सुरू होतात.

संघराज्याचा कायदा : आयात मालावर मूळ देशाचे नाव अंतिम खरेदीदारास दिसेल अशा रीतीने असावे, असे बंधन 1930 च्या जकात कायद्याने घातले. परंतु घाऊक पेटीवर छापलेले नाव पेटी फोडून माल बर्फावर मांडला की ग्राहकापर्यंत पोहोचत नसे. 2002 च्या कृषी कायद्याने ही उणीव काही अंशी दूर केली. त्याखालील नियम माशांना व कवचधारी जलचरांना एप्रिल 2005 पासून लागू झाले. देशाच्या नावाबरोबरच माल निसर्गतः पकडलेला आहे की संवर्धित, हेही त्यांनुसार सांगावे लागते. गोमांस व डुकराचे मांस यांवरील असाच निर्देश जागतिक व्यापार संघटनेपुढील वादात कॅनडा व मेक्सिको यांची सरशी झाल्यावर 2015 मध्ये रद्द करण्यात आला. माशांवरील निर्देश मात्र कायम राहिला.

या कायद्याचे अपवाद त्याच्या नियमांइतकेच मोठे आहेत. शिजविलेला, धुरावलेला, डबाबंद किंवा पावाचा चुरा लावलेला माल त्यातून वगळलेला आहे. ‘किरकोळ विक्रेता’ या संज्ञेची व्याख्या ताजी फळे व भाजीपाला यांच्या खरेदीवर आधारलेली असून ती वर्षाला 2,30,000 डॉलरांहून अधिक असेल, तरच दुकान कायद्याच्या कक्षेत येते. परिणामी केवळ मासळी विकणारे दुकान, ते भाजी विकत नाही एवढ्याच कारणाने, मासळीच्या कायद्यातून सुटते. सर्वांत मोठा अपवाद उपाहारगृहांचा होय.

राज्यांचे कायदे : राज्यांनी प्रथम हात घातला तो मार्जारमीनाच्या प्रश्नास. मिसिसिपी व आर्कॅन्सॉ या तळ्यांतील मार्जारमीन-संवर्धन करणाऱ्या राज्यांनी 1975 मध्येच त्याच्या विक्रीविषयी कायदे केले होते. पुढे व्हिएटनाममधील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातून पांगस जातीचे स्वस्त मासे येऊ लागले, तेव्हा वाद नावापर्यंत गेला; 2002 मध्ये संघराज्याने मार्जारमीन हे नाव उत्तर अमेरिकेतील एकाच कुलातील माशांपुरते राखून ठेवले. त्यानंतर मिसिसिपीने 2008 मध्ये व अ‍ॅलाबॅमाने 2009 मध्ये उपाहारगृहांनाही मार्जारमीनाचा उगमदेश सांगण्याचे बंधन घातले.

कोळंबीच्या बाबतीत पुढाकार लुइझिअ‍ॅनाने घेतला. आयात कोळंबी किंवा क्रॉफिश (गोड्या पाण्यातील, लहान शेवंडासारखा कवचधारी प्राणी) वाढणाऱ्या उपाहारगृहाने तसे मेनूकार्डावर व ते नसल्यास फलकावर जाहीर करावे, असा कायदा तेथे 2019 मध्ये झाला. 2024 मधील दुरुस्तीने तो अधिक कडक करण्यात आला. अ‍ॅलाबॅमाचा ऑक्टोबर 2024 पासून अंमलात आलेला कायदा मासे व कोळंबी आयात आहेत की देशी, संवर्धित आहेत की निसर्गतः पकडलेल्या, हे सांगावयास लावतो. मिसिसिपी व टेक्सस यांनी 2025 मध्ये कायदे केले. टेक्ससचा भर माहिती देण्याच्या सक्तीपेक्षा आयात कोळंबी ‘टेक्ससची’ किंवा ‘आखाती’ म्हणून विकण्याच्या मनाईवर आहे. हा भेद महत्त्वाचा आहे : पहिल्या प्रकारात मौन हा गुन्हा ठरतो, तर दुसऱ्यात केवळ असत्य.

या कायद्यांमागे मेक्सिकोच्या आखातावरील कोळंबी-मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. अ. सं. सं.तील कोळंबीचा बहुतांश पुरवठा आयातीतून होतो व पुरवठादारांत भारत अग्रेसर आहे. भारतात 2009 मध्ये परवानगी मिळालेली, मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हॅनामी कोळंबी आंध्र प्रदेशातील तळ्यांत मोठ्या प्रमाणावर वाढविली जाते. तिच्या भावाशी डिझेल जाळून समुद्रात जाणाऱ्या नौकेस स्पर्धा करणे अवघड जाते. तेव्हा लुइझिअ‍ॅनातील मेनूकार्डावरील एका ओळीचा संबंध गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील तळेमालकाशीही पोहोचतो. [⟶ मत्स्योद्योग].

घटनात्मक मर्यादा : आंतरराज्य व परराष्ट्रीय व्यापार संघराज्याच्या अखत्यारीत असल्याने, ग्राहकहिताच्या नावाखाली स्थानिक मालास संरक्षण देणारा राज्याचा कायदा न्यायालयात टिकत नाही. ‘आम्ही परदेशी अंडी विकतो’ असा फलक लावण्याची हवाई बेटांवरील सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार कराराशी विसंगत म्हणून रद्द ठरविली. वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदांवरील दर्जाचिन्ह झाकावयास लावणारा नॉर्थ कॅरोलायनाचा नियम संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये रद्द केला. याउलट, मांसावरील उगमदेश सांगण्याची सक्ती भाषणस्वातंत्र्याचा भंग करीत नाही, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने 2014 मध्ये दिला.

उगम ठरविण्यातील अडचणी : माशाचा देश कोणता, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. न्यूझीलंडनजीकच्या सागरी क्षेत्रात न्यूझीलंड, जपान व सोव्हिएट रशिया यांच्या ध्वजाच्या नौकांनी पकडलेले होकी मासे दक्षिण कोरियात नेऊन, तेथे कातडी व काटे काढून, गोठवून अ. सं. सं.त आणले गेले. आयातदाराने त्यांवर न्यूझीलंडचे नाव घातले होते. 1988 मध्ये न्यायालयाने ठरविले, की खोल समुद्रात पकडलेल्या माशाचा देश नौकेच्या ध्वजावरून ठरतो आणि कोरियातील प्रक्रियेने मालाचे स्वरूपच पालटल्याने तो कोरियाचा होय. ज्या देशाच्या किनाऱ्याजवळ मासे पोहत होते, त्याचे नाव अशा रीतीने लेबलावरून गेले.

अंमलबजावणी : खोटा निर्देश ओळखण्यासाठी अलीकडे आनुवंशिक चाचण्यांचा उपयोग होतो, पण त्यांनी जाती कळते, देश कळेलच असे नाही. कागदोपत्री तपास त्यामुळे अटळ ठरतो. मिसिसिपीतील बिलॉक्सी शहरातील एका नामांकित उपाहारगृहाने सु. 26,000 किग्रॅ. हून अधिक मासे अनेक वर्षे खोट्या नावाने विकल्याचे 2024 मध्ये न्यायालयात कबूल केले. स्थानिक म्हणून वाढलेल्या त्या माशांत आफ्रिका, भारत व दक्षिण अमेरिका येथून आलेला गोठविलेला माल होता.

उगमदेशाचा निर्देश म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. प्रतिजैविकांचे अवशेष वा जंतू यांची तपासणी अन्नसुरक्षेच्या वेगळ्या कायद्यांखाली होते आणि आयात माल सरसकट सदोष मानण्यास या निर्देशाचा आधार घेणे चुकीचे आहे. यूरोपीय संघाने 2013 च्या नियमावलीत सागरातून पकडलेल्या माशांच्या बाबतीत देशाऐवजी पकडीचे क्षेत्र व वापरलेले जाळे वा साधन यांवर भर दिला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने पाडलेल्या सागरी विभागांनुसार ही क्षेत्रे सांगितली जातात. रत्नागिरीसमोरील समुद्रात पकडलेली मासळी त्या पद्धतीने ‘पश्चिम हिंदी महासागर’, विभाग क्र. 51, या निर्देशाखाली येते.